पुरे

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, विहिरी खडखडीत, शाळेत सुकडी आणि रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. मिलोच्या पिठाला चिकटपणा नसतो, भाकरी थापताना कडा फाटतात. आजी पिठात आधणाचं पाणी घालून ती जुळवून आणायची. खाणारी नऊ माणसं, दोन्ही चुलते दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेले. मी चुलीपाशी बसून विचारायची, "आजी, पुरंल का गं?" तव्यावरची नजर न काढता आजी म्हणायची, "पुरंल." आणि जेवताना मी आणखी अर्धी मागितली की त्याच आवाजात, "पुरे आता."

शब्द एकच. 'पुरंल'नं पोटाला धीर यायचा, 'पुरे'नं ताटावरून उठावं लागायचं. चाळीस वर्षांनी पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, एका वचनाशी मी भांडले, ती याच शब्दावरून.

करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय बारावा. येशूचा प्रेषित पौल लिहितो की माझ्या शरीरात एक काटा आहे, तो दूर व्हावा म्हणून मी प्रभूला तीनदा विनंती केली. त्याला उत्तर मिळालं: "माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते." शब्बाथशाळेत हे वचन न अडखळता म्हणून दाखवल्याबद्दल मला रंगीत चित्राचं कार्ड मिळालं होतं. लोकांच्या आजारपणात, मयतीच्या घरी, नापास झालेल्या मुलींना जवळ घेऊन मी ते कितीदा तरी म्हटलं असेल. ऐकणाऱ्याला ते कसं लागत असेल, हे मला कधी सुचलंच नाही.

2013 च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी उठले तर डावा कान बंद. अंघोळीचं पाणी गेलं असेल म्हणून मान वाकडी करून उड्या मारल्या. चक्कर येत होती, आणि त्या कानात दूर कुठं तरी कुकरची शिट्टी अडकून राहावी तसा आवाज होता. शाळेत चाचणी परीक्षेचे दिवस, पेपर तपासायचे होते. सर्दीचं औषध घेतलं, तेल घातलं, पाच आठवडे काढले. कानाच्या तज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की असा अचानक गेलेला कान पहिल्या काही दिवसांत औषध मिळालं तर थोडाफार परत येऊ शकतो. पुढच्या तीन वर्षांत उजवाही उतरत गेला. तपासणीच्या कागदावरची रेघ डावीकडून उजवीकडे जिना उतरावा तशी खाली गेलेली.

ऐकणं जातं म्हणजे जगाचा आवाज लहान होतो असं मला वाटायचं. तसं होत नाही, तो फाटतो. माझे आधी बारीक, वरचे सूर गेले. स, श, फ, त गेले. आ, ओ, ऊ राहिले. माणसं बोलतात हे कळतं, काय बोलतात ते कळत नाही. मी आयुष्यभर मराठी शिकवली, आणि माझ्या कानांत मराठीची नुसती बाराखडी उरली, व्यंजनं गळालेली.

त्यात पेटी. वडिलांची जुनी पेटी मी सतराव्या वर्षापासून मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वाजवत होते. 'उपासना संगीत'मधली गीतं, नारायण वामन टिळकांची भजनं, नाताळच्या फेऱ्यांतली गाणी, सगळं बोटांत होतं. नगरच्या ख्रिस्ती माणसाला टिळकांचं पद पेटीशिवाय आठवतच नाही. यंत्र कानात घातल्यावर तीच पेटी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाजायला लागली. तरी मी सोडली नाही. बोटांना जागा माहीत आहेत, असं म्हणत राहिले. एका रविवारी तिसऱ्या कडव्याला शेजारी बसलेल्या पोरीनं, माझ्याच विद्यार्थिनीनं, हळूच माझ्या हातावर हात ठेवला. मंडळी केव्हाच एका सुरात पुढं गेली होती आणि मी दुसऱ्याच पट्टीत वाजवत होते. किती वेळ, कुणी सांगितलं नाही. पेटीचा भाता मी तिथंच बंद केला.

माझ्यासाठी प्रार्थना खूप झाल्या. घरी येऊन, डोक्यावर हात ठेवून, उपास धरून. त्या माणसांच्या मायेविषयी माझ्या मनात आजही शंका नाही. पण शेजारच्या तालुक्यात एका जागृतीसभेत पाहुण्या उपदेशकांनी मला पुढं बोलावलं आणि सांगितलं की यंत्र काढून ठेवा, ते कानात आहे तोवर तुमचा भरवसा यंत्रावर आहे. मी काढलं. अकरा दिवस डबीत ठेवलं. अकराव्या दिवशी भरदुपारी मी मागच्या पडवीत धान्य निवडत होते आणि आई न्हाणीघरात घसरून पडली. अर्धा तास ती मला हाका मारत होती. मी तांदळातले खडे काढत होते. मनगट मोडलं होतं तिचं. मी तिला उचलायला गेले तेव्हा ती काही बोलली नाही, चांगल्या हातानं तिनं फक्त स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं: घाल ते.

त्या रात्री मी ते वचन काढून वाचलं, आणि मला आजीचा दुसरा आवाज ऐकू आला. पुरे आता. मागू नकोस. पौलानं तीनदा मागितलं, मी तीनशेदा मागितलं असेल, आणि दोघांना एकच उत्तर: ताटावरून ऊठ. तेव्हापासून सहा-सात महिने मी प्रार्थना केली नाही. रविवारी जाऊन बसायची, ओठ हलवायची, घरी यायची.

त्याच महिन्यांत मला एक मुलगा आठवू लागला. माझ्या नोकरीची पहिलीच काही वर्षं, पाचवीचा वर्ग. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा. शुद्धलेखन सांगताना दर ओळीला त्याचं एकच, "बाई, पुन्हा सांगा." मी म्हणायची, "कान कुठं ठेवून येतोस रे?" वर्ग हसायचा. एकदा त्याला दोन तास उभं केलं होतं. त्याच्या एका कानात कायम कापसाचा बोळा असायचा, पिवळा पडलेला. तो मी रोज पाहत होते. कान फुटलेल्या मुलाला मागच्या बाकावर बसवून मी त्याला ऐकत नाही म्हणून शिक्षा केली, हे समजायला मला माझे दोन्ही कान द्यावे लागले. तो कुठं आहे मला माहीत नाही. माफी मागायची ती त्याच्याकडे, आणि ते आता हातात नाही.

आता 'पुन्हा सांगा' हे वाक्य मला दिवसातून पन्नास वेळा म्हणावं लागतं. भाजीवालीला, बँकेत, सुनेला, नातवाला. दुसऱ्यांदा विचारताना माणसाचा चेहरा बदलतो. तिसऱ्यांदा विचारलं की तो म्हणतो, "जाऊ द्या, काही नाही." त्या 'काही नाही'इतकं एकटं मला दुसऱ्या कशानं वाटत नाही. मग आपण विचारणंच सोडतो, मान डोलावतो, समजल्यासारखं हसतो. ती खरी बहिरेपणाची सुरुवात असते.

आमच्या मंडळीत एक निवृत्त पाळक होते, नव्वदीच्या जवळ आलेले, तरुणपणी सेमिनरीत ग्रीक शिकलेले. पेटी सुटल्यावर ते एकदा घरी आले. सलाम करून बसले. मी त्यांना सरळ सांगितलं की ते वचन मला आता नकारासारखं लागतं. ते बोलू लागले, मला कळेना. त्यांनी खिशातून बिलाचा एक रिकामा लिफाफा काढला आणि त्यावर चार शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले.

पुरते. तुला. कृपा. माझी.

मूळ ग्रीक वाक्यात शब्दांचा क्रम हाच आहे, असं त्यांनी खाली लिहिलं. वाक्य 'पुरते' या क्रियापदानं सुरू होतं, आणि ते चालू वर्तमानकाळातलं आहे. आज पुरते, उद्याही पुरत असते. मग आणखी एक ओळ: आपल्या मराठीत "त्याने मला म्हटले आहे" असं आहे ना, ते फार बरोबर आहे, म्हटलं आणि संपलं असं नाही, म्हटलेलं अजून उभं आहे. पौलाचा काटा निघाला नाही, पण उत्तरही निघून गेलं नाही.

मराठी शिकवणारी मी, आणि 'पुरे' हे 'पुरणे'चं रूप आहे हे मला लिफाफ्यावर वाचावं लागलं. आजीचा दुसरा आवाज इतका मोठा झाला होता की पहिला दबूनच गेला. पुरंल का गं? पुरंल.

तो लिफाफा माझ्या शास्त्रात त्याच पानावर आहे.

त्यानंतर मी ते पत्र सबंध वाचलं, एखादं वचन उपटून न घेता. करिंथ हे ज्युलियस सीझरनं इसवी सनापूर्वी 44 मध्ये नव्यानं वसवलेलं शहर. व्यापाराचं, पैशाचं, नव्यानं वर आलेल्या माणसांचं. तिथं चांगला वक्ता म्हणजे मोठा माणूस. आणि पौलाविषयी तिथं बोललं जात होतं की याची पत्रं वजनदार, पण समोर आला की अशक्त आणि बोलणं टाकाऊ. त्याची ही दुखरी जागा. त्यावर तो आपली बाजू मांडायला बसतो, आपले पराक्रम सांगतो म्हणतो, आणि सांगतो काय? फटके, दगड, तीनदा फुटलेली गलबतं, उपास, थंडी. शेवटी दिमिष्काची, म्हणजे दमास्कसची, गोष्ट: राजाचा अधिकारी धरायला टपलेला, तेव्हा मला पाटीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं. रोमी सैन्यात शत्रूच्या तटावर पहिल्यांदा चढणाऱ्या शिपायाला तटाच्या आकाराचा सोन्याचा मुकुट मिळत असे. करिंथच्या लोकांना तो माहीत असणारच. पौल त्यांना सांगतो की मी तटावरून उतरलो, पाटीत बसून, आणि दोर दुसऱ्यांच्या हातात होता. मला त्यातला तो दोर फार महत्त्वाचा वाटतो. पाटीतल्या माणसाला स्वतःला काहीच करता येत नाही. हलायचंसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट मला लिफाफेवाल्या पाळकांनीच दाखवली. "ख्रिस्ताचे सामर्थ्य माझ्यावर येऊन राहावे" असं आपण वाचतो, तिथला ग्रीक शब्द तंबूवरून आला आहे. सामर्थ्यानं माझ्यावर राहुटी ठोकावी, असा. पौल धंद्यानं तंबू करणारा होता, करिंथमध्येच तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून ते काम करत होता. कापड शिवून शिवून हातांना घट्टे पडलेल्या माणसाची ही भाषा. राहुटी आतल्या माणसाला उंच करत नाही, धिप्पाड करत नाही. तो आहे तेवढाच राहतो. फक्त वरून छाया येते.

निवृत्त झाल्यावर मी केडगावला गेले. आमच्या नगरजवळचं केडगाव नव्हे, पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंचं. रमाबाई मला लहानपणापासून माहीत होत्या, म्हणजे भिंतीवरच्या तसबिरीसारख्या. त्यांना ऐकू कमी येत होतं हे मी वाचलं होतं आणि विसरले होते. कान गेल्यावर ते एकदम पुढं आलं.

रमाबाईंचं सगळं धन कानातून आलेलं होतं. 1858 चा जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडणारे, आईनं संस्कृत शिकवलं ते तोंडी. भागवताचे हजारो श्लोक ऐकून पाठ. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भाऊ आणि त्या पायी देश फिरल्या. कलकत्त्यात विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हटलं, तेही ऐकून पाठ केलेल्या विद्येच्या बळावर. मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती कॉलऱ्यानं गेले, कडेवर लेक मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला, आणि ते दार बंद झालं ते कानांमुळे. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथं मला सावध राहायचं आहे. कान अधू झाले म्हणून त्या वैद्यकी शिकल्या नाहीत, म्हणून अमेरिकेला गेल्या, म्हणून शारदा सदन निघालं, म्हणून मुक्ती सदन उभं राहिलं, अशी साखळी सहज जोडता येते, आणि व्यासपीठावरून ती छान ऐकू येते. मला ती जोडवत नाही. दुखणं देवाच्या हिशेबातली गुंतवणूक आहे असं सांगणाऱ्याला मी माझ्या आईचं मनगट दाखवीन. देवानं ते मोडलं नाही. तो तिच्याजवळ न्हाणीघरात होता, असं मी मानते. एवढंच मानते.

केडगावच्या मुक्ती सदनाच्या आवारात झाडाखाली बसून मी पुरण्याचा विचार करत होते. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथं दीड-दोन हजार बाया-मुली राहत होत्या. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेली बाई, ऐकू कमी, विधवा, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्हीकडच्या लोकांच्या रोषाची धनी, आणि रोज सकाळी दोन हजार पोटं. स्वयंपाकघरात कुणीतरी चिमुरडी विचारत असेलच ना, की पुरंल का?

शेवटची कित्येक वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत, एकटीनं. खिळे जुळवणं, छापणं मुक्तीतल्या बायांनीच केलं. 1921 मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं ती लेक गेल्यावरही काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघालं ते 1924 मध्ये. ज्यांनी शब्द कानांनी मिळवला, त्यांनी तो शेवटी डोळ्यांसाठी ठेवला. माझ्यासारखीसाठी, असं मला तिथं वाटलं, आणि मला रडू आलं. शेजारी मुली खेळत होत्या. त्यांचा आवाज मला येत नव्हता, दोरीवरच्या उड्या दिसत होत्या.

परत आल्यावर मंडळीच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले. इतकी वर्षं ज्यांनी मला पेटीवर पाहिलं त्यांच्यासमोर म्हणाले, "मला ऐकू येत नाही. गेली काही वर्षं मी उपदेशातलं एक वाक्यही ऐकलेलं नाही. आमेन म्हणते ते तुम्ही म्हणता म्हणून." पाय कापत होते. बसले. सभा पुढं गेली, हिशेब मंजूर झाले.

बाहेर चहाच्या वेळी एक आजोबा आले, मोठ्यानं म्हणाले, "मलाही येत नाही." मग मंडळीच्या कारभारातले एक डीकन, जे स्वतः दर महिन्याला वाचन करतात. मग एक विधवा बाई, जिनं मुलाला खर्च नको म्हणून कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी आम्ही पाच जणं निघालो. वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बसून मान डोलावणारी पाच माणसं.

चार जणांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला येशूपुढं खाली सोडलं, ती गोष्ट मार्कच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिथं शब्द असे आहेत की येशूनं "त्यांचा विश्वास पाहून" त्याला क्षमा केली. त्यांचा. बाजेवरच्या माणसाचा विश्वास किती होता हे कुणी मोजलं नाही. मला त्या जागृतीसभेत हे माहीत असतं तर बरं झालं असतं.

आता पाळकसाहेब उपदेश लिहून पाच प्रती काढून ठेवतात. वाचणारा उजेडाकडे तोंड करून उभा राहतो. आम्ही पाच जणं दुसऱ्या बाकावर एका ओळीत बसतो, कुणाला काही निसटलं तर शेजारी कागदावर बोट ठेवून ओळ दाखवतो. पेटी ती पोर वाजवते, फार सुरेख वाजवते असं सगळे म्हणतात. मी तिच्या बोटांकडे बघते. 'पुन्हा सांगा' म्हणायची मला अजून लाज वाटते, पण मी म्हणते. देवालाही म्हणते. तीनदा विचारल्यावर तो 'जाऊ द्या, काही नाही' म्हणाला नाही, हे मी पौलाच्या पत्रात वाचलं आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. लहानपणी मी आजीच्या मांडीला टेकून ते बघायची. तिच्या तळहातावर भाकरीचा इवलासा तुकडा, नखाएवढा. त्या दुष्काळाच्या वर्षी मी तिला कानात विचारलं होतं की एवढ्यानं काय होतं. तिनं डोळे मिटलेले होते. तिनं काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, बहुधा दिलंच नाही.

गेल्या रविवारी तबक आमच्या बाकापाशी आलं. 'घ्या, खा' हे शब्द मला ऐकू आले नाहीत, येत नाहीत. शेजारच्या आजोबांनी माझ्या कोपराला स्पर्श केला. मी हात पुढं केला.